सोसायटीचा चार्ज एका संध्याकाळी देता येत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सध्या मुंबईतल्या गृहनिर्माण सोसायट्यांमध्ये वार्षिक सभांची धावपळ सुरू आहे. ३० सप्टेंबरच्या आत सभा घ्यावीच लागते. मुलुंड, गोरेगाव, बोरिवलीकडच्या जुन्या सोसायट्यांत या सभेत एक वाक्य हमखास ऐकू येते : "आता तरुणांनी पुढे यायला हवे." सगळे माना डोलावतात, हात कोणीच वर करत नाही आणि सत्तरी ओलांडलेले सेक्रेटरी मागील पानावरून पुढे चालू राहतात. मग एखाद्या वर्षी त्यांचे गुडघ्याचे ऑपरेशन निघते किंवा ते मुलाकडे पुण्याला राहायला जातात. तिसऱ्या मजल्यावरच्या तिशीतल्या मुलाच्या हातात त्या संध्याकाळी किल्ल्यांचा जुडगा आणि फायलींच्या दोन पिशव्या येतात. याला आपण 'चार्ज दिला' म्हणतो.

कागद एका संध्याकाळी देता येतात, कारभार नाही. तो शिकायला एक पुरे वर्ष लागते, कारण सोसायटीची कामे ऋतूप्रमाणे येतात. एक पावसाळा, एक ऑडिट आणि एक वार्षिक सभा जुन्या माणसाच्या शेजारी उभे राहून पाहिल्याशिवाय नव्या माणसाला अंदाज येत नाही. म्हणून आमचे म्हणणे असे की सेक्रेटरी आणि खजिनदार या दोन पदांना तरी मुदत संपण्याआधी वर्षभर एकेक सहाय्यक जोडून द्यावा. त्याला समितीत मत नसेल, पण सभेत बसण्याची आणि कागद हाताळण्याची मुभा समितीने ठराव करून द्यावी.

पाण्याचेच घ्या. पालिकेचे पाणी ठरल्या वेळी तळटाकीत येते आणि पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढते. बहुतेक इमारतींत पंप दोन असतात, एक चालता आणि एक राखीव. राखीव पंप आठवड्यातून एकदा तरी फिरवावा लागतो. तो महिनोन्महिने बंद राहिला तर जाम होतो आणि नेमका पहिला पंप जळतो त्या दिवशी दुसराही उठत नाही. तळटाकी पूर्ण उपसली गेली किंवा फूट व्हॉल्व्हमध्ये (पाइपाच्या तळाशी पाणी मागे जाऊ न देणाऱ्या झडपेत) कचरा अडकून पाइपातले पाणी मागे उतरले, की पंपात हवा धरते. पंपाचा आवाज येतो, वर मात्र थेंब चढत नाही. तसाच चालू ठेवला तर तापून सील जाते. अशा वेळी पंप बंद करायचा, वरचा बूच उघडायचा, बुडबुडे थांबेपर्यंत पाणी ओतायचे, बूच घट्ट बसवायचा आणि मग बटण दाबायचे. पाच मिनिटांचे काम आहे, पण कोणी दाखवलेच नसेल तर रात्री अकरा वाजता प्लंबर शोधत फिरावे लागते. गच्चीवरच्या व्हॉल्व्हचेही तसेच. कोणता कोणत्या विंगचा, हे एकट्या जुन्या सेक्रेटरींना आणि फार तर वॉचमनला ठाऊक असते. व्हॉल्व्हवर ऑइलपेंटने आकडे घालावेत आणि कोणता आकडा कोणत्या विंगचा, हा तक्ता पंपरूमच्या दाराला आतून लावावा. जुना गेट व्हॉल्व्ह जोर लावून आवळू नये, हेही सहाय्यकाच्या हाताला कळायला हवे. दांडी तुटली की तो ना उघडत ना मिटत.

पावसाळ्याची तयारी मे महिन्यात शिकवावी. गच्चीवरच्या पावसाळी पाइपांच्या तोंडाशी कबुतरांची पिसे आणि पाने साचतात. नुसती जाळी झाडून भागत नाही. प्रत्येक पाइपात दोन बादल्या पाणी ओतून ते खाली चेंबरमध्ये उतरते का, हे खाली एक माणूस उभा करून पाहावे. भिंतीत उगवलेला पिंपळ वरून कापला तर पुढच्या वर्षी दुप्पट जोमाने फुटतो. मूळ काढून फट बुजवावी लागते. आवारातल्या झाडांच्या फांद्या छाटायला पालिकेच्या उद्यान खात्याची परवानगी लागते, त्यामुळे पावसाळ्याच्या बरेच आधी अर्ज गेला पाहिजे. जानेवारी आणि जुलैत अग्निशमन यंत्रणेचे फॉर्म बी, म्हणजे ती चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, परवानाधारक एजन्सीकडून घ्यायचे असते. एप्रिलपासून हिशेब बंद करून ऑडिटरच्या मागे लागायचे असते. ही सगळी कामे सोसायटीच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावीत, एका माणसाच्या डोक्यात नको.

पैशांच्या बाबतीत आजची सर्वांत मोठी अडचण ओटीपीची आहे. सोसायटीचे बँक खाते, वीजबिल, मालमत्ता कर आणि टीडीएसचे लॉगिन बहुतेक ठिकाणी खजिनदारांच्या खासगी मोबाइलला जोडलेले असते, कधी त्यांच्या मुलाच्या ईमेलला. खजिनदार बदलले की सगळे अडते. ठरावाची प्रत, नव्या सह्या आणि केवायसी बँकेत पोचेपर्यंत दिवस जातात आणि तेवढ्यात वॉचमनचा पगार थकतो. सोसायटीच्या नावाचे एक सिमकार्ड आणि एक ईमेल आजच घ्यावा आणि सगळी खाती त्यावर वळवावीत. सह्यांचा बदल जुन्या खजिनदारांनी स्वतः बँकेत सोबत जाऊन करून द्यावा.

नव्या खजिनदाराला निधीचे गणितही समजावून द्यावे. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीप्रमाणे) दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या दरवर्षी किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) किमान ०.२५ टक्के गोळा करायचा असतो. पण हा बांधकाम खर्च इमारत उभी राहिली तेव्हाचा. समजा चाळीस फ्लॅटची इमारत तेव्हा वीस लाखांत झाली. तर सिंकिंग फंड वर्षाला अवघा ५,००० रुपये, म्हणजे फ्लॅटमागे १२५ रुपये, आणि दुरुस्ती निधी १५,०००. यात बाहेरून प्लास्टरही होणार नाही. हे दर किमान आहेत, सर्वसाधारण सभा ते वाढवू शकते. इमारतीला तीस वर्षे झाली की स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे सांगाड्याच्या मजबुतीची तपासणी, बंधनकारक आहे. दुरुस्तीचा आकडा त्यानंतर हाती येतो आणि तोवर फंड वाढवलेला नसेल तर प्रत्येक घरावर एकदम लाखाचा बोजा पडतो. नव्या समितीवर येणारा राग बहुतेक इथूनच सुरू होतो.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. मंजूर नकाशे, भोगवटा प्रमाणपत्र, प्रॉपर्टी कार्ड, नोंदणी प्रमाणपत्र, सदस्यांच्या नोंदींचे आय आणि जे रजिस्टर, इतिवृत्ताची पुस्तके हे मूळ दफ्तर कोणाच्या माळ्यावर नको, सोसायटीच्या कपाटात हवे. १९६३ च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकी कायद्याप्रमाणे सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमिनीचे अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे मालकी सोसायटीच्या नावे) करून द्यायचे असते. अनेक सोसायट्यांचे ते अजून झालेले नाही. मानीव अभिहस्तांतरणाला (बिल्डरने न दिल्यास सरकारी अधिकाऱ्याकडून मिळवायच्या 'डीम्ड कन्व्हेयन्स'ला) किंवा पुनर्विकासाला जाताना हेच कागद पहिल्या दिवशी मागतात.

कागदावर नसलेले मात्र सर्वांत जास्त छळते. 'अमक्यांना जिन्याखाली स्कूटर लावायला परवानगी', 'तमक्यांची थकबाकी हप्त्याने घ्यायची', 'गच्चीची एक किल्ली वरच्या मजल्यावर', असे तोंडी शब्द वीस-पंचवीस वर्षांत भल्या मनाने दिलेले असतात. नव्या मुलाने नियमावर बोट ठेवले की समोरचा म्हणतो, "आधीच्या साहेबांनी हो म्हटले होते." खरे-खोटे कोण ठरवणार? म्हणून पद सोडण्याआधी जुन्या सेक्रेटरींनी असा प्रत्येक शब्द कागदावर उतरवावा आणि स्वतः खुर्चीत असतानाच समितीपुढे ठेवावा. टिकवायचा तो ठराव करून टिकवावा, बाकीचे त्यांनीच मोडावेत. शब्द मोडण्याचा वाईटपणा ज्याने तो दिला त्यानेच घेतला तर लोक ऐकतात. नव्याच्या गळ्यात हे घोंगडे टाकू नये.

तरुण येत नाहीत, ही तक्रार आम्हाला अर्धीच मान्य आहे. चर्चगेटहून लोकलने साडेआठला घरी पोचणाऱ्याला सातची सभा कशी जमणार? रविवारी सकाळी एक तास ठेवा, येतील. शिवाय त्यांना कामे कोणती मिळतात? गणपतीत मंडप, एरवी एक्सेलमध्ये टायपिंग. निर्णय कोणी त्यांच्याकडे सोपवत नाही. टाकी सफाई किंवा लिफ्टचा देखभाल करार असे एक पूर्ण काम द्या. तीन कोटेशन मागवणे, तुलना करून समितीपुढे मांडणे, काम उरकल्यावर गच्चीवर चढून पाहणे आणि मगच बिलावर शेरा मारणे, सगळे त्यानेच करावे. चूक होईल. दहा हजारांच्या कामातली चूक परवडते, पुनर्विकासाच्या करारातली नाही.

'फ्लॅट वडिलांच्या नावावर, मग मुलगा समितीवर कसा?' ही शंकाही नेहमी येते. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यातल्या २०१९ च्या सुधारणेनंतर पती-पत्नी, आई-वडील, भावंडे, मुलगा, मुलगी, सून, जावई, पुतण्या, भाचा अशा नातलगाला भागपत्रावर (शेअर सर्टिफिकेटवर) नाव नसतानाही सहयोगी सदस्य होता येते आणि मूळ सदस्याच्या लेखी संमतीने त्याचे हक्क व कर्तव्ये बजावता येतात. निवडणूक लढवायची तर सदस्याचे ना-हरकत पत्र आणि हमीपत्र जोडावे. यादीत मुली आणि सुना आहेत, हे आवर्जून सांगावेसे वाटते. घरोघरी हिशेब त्याच चोख ठेवतात, समितीच्या टेबलाशी मात्र फार थोड्या दिसतात.

ज्येष्ठांना एक विनंती. सल्ला द्या, मागितला तर मनापासून द्या, पण तो नव्या सेक्रेटरीला द्या. वॉचमनला आणि प्लंबरला परस्पर सूचना गेल्या की त्यांना दोन मालक होतात आणि आठवडाभरात नव्याचा शब्द कोणी मानेनासे होते.

वार्षिक सभेच्या नोटिशीला पूर्ण चौदा दिवस लागतात. सभा ३० तारखेला असेल तर नोटीस १५ तारखेपर्यंत निघायला हवी. ज्यांची नोटीस अजून निघालेली नाही, त्यांनी विषयपत्रिकेत हा एक विषय घालावा : 'सेक्रेटरी व खजिनदार यांच्यासोबत पुढील सभेपर्यंत काम करण्यासाठी प्रत्येकी एका सहाय्यकाची निवड करणे व सोसायटीच्या नावे मोबाइल क्रमांक आणि ईमेल घेणे.'

कळावे, लोभ असावा.

आपले,
गृहनिर्माण सोसायट्यांचे आजी-माजी पदाधिकारी,
मुलुंड (पूर्व), मुंबई