डिस्चार्ज कार्डावरची एक ओळ: सामाजिक न्याय मंत्र्यांना सोलापुरातून खुले पत्र

प्रति,
मा. मंत्रिमहोदय,
सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

मी सोलापुरात शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या एका कारखान्यात हिशेब लिहितो. पगार १९,५०० रुपये. घरात मी, बायको आणि आई. आईला आम्ही अम्मा म्हणतो, घरची बोली तेलुगू आहे. मुलगा पुण्याला. इथल्या निम्म्या घरांतली मुलं पुण्यालाच असतात, हुतात्मा एक्स्प्रेस त्यांच्यावरच चालते. अम्मा ८३ वर्षांची. शहराच्या पूर्वभागातल्या बहुतेक बायकांसारखी तिनंही आयुष्यभर विड्या वळल्या.

गेल्या गणपतीत ती मोरीत पडली आणि खुबा मोडला. डावी बाजू आधीच लकव्यानं अधू होती. ऑपरेशन झालं आणि खरं सांगतो, एक रुपया लागला नाही. सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान कार्ड मिळतं, ते मुलानं मोबाइलवर काढून ठेवलं होतं. डॉक्टर चांगले भेटले, सिस्टर चांगल्या भेटल्या. हे आधीच लिहून ठेवतो, कारण खुलं पत्र म्हटलं की लोक त्यात शिव्या शोधतात.

नवव्या दिवशी सुट्टी मिळाली. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांच्या यादीखाली एक ओळ होती: दर दोन तासांनी कूस बदलणे. प्रत्येक गोळीपुढे किती दिवस घ्यायची ते लिहिलं होतं. या ओळीपुढे काहीच नव्हतं.

साहेब, हे पत्र त्या एका ओळीच्या खर्चाबद्दल आहे.

माणूस एकाच कुशीवर पडून राहिला की माकडहाडापाशी, खुब्यावर, टाचेवर दाब येतो आणि तिथं रक्त पोचत नाही. कातडी आधी लाल होते, मग काळपट, मग फाटते. दिवसा कुणी ना कुणी असतंच, शेजारची पोरगीसुद्धा हात लावते. रात्री मात्र दहा, बारा, दोन, चार, सहा. आमच्यापैकी कुणाला एकट्यानं होत नाही. आमच्याकडे वडिलांच्या वेळची एक सोलापुरी चादर आहे, ते मागावर होते. ती चौपदरी दुमडून अम्माच्या कमरेखाली घालतो. एकानं इकडचे दोन कोपरे धरायचे, दुसऱ्यानं तिकडचे, उचलून एका दमात फिरवायचं आणि पाठीशी उशी लावायची. रात्रीच्या मावशी आल्या तेव्हा चादरीवर हात फिरवून म्हणाल्या, "ही खरखरीत आहे, वर जुनी साडी टाका, नाहीतर घासून सालटं निघतील." त्याआधी पंधरा दिवस आम्ही अम्माला तशीच ओढत होतो.

मावशी पेशंट सांभाळायला बाया पुरवणाऱ्या ब्युरोकडून येतात. रात्री आठ ते सकाळी आठ, ६०० रुपये. ब्युरोची नोंदणी २,००० रुपये, आधी भरायची. तीस रात्रींचे १८,००० होतात. माझा पगार वर सांगितला आहे, वजाबाकी आपण करा. शिवाय डायपर, हवेची गादी, कमोडची खुर्ची आहेच, पण त्यात शिरत नाही. वस्तू एकदा घेतली की घेतली. रात्र रोज नव्यानं विकत घ्यावी लागते.

पहिला महिना रोज मावशी ठेवल्या. मुलानं पैसे पाठवले, बायकोची एक पाटली मोडली. दुसऱ्या महिन्यात आठवड्याला चार रात्री केल्या. आता तीन आहेत, म्हणजे महिन्याला सुमारे ७,८००. राहिलेल्या चार रात्रींपैकी दोन माझ्या, दोन बायकोच्या. एकजण जागा राहतो आणि कूस बदलायच्या वेळी दुसऱ्याला उठवतो. बायको घरी पिकोच्या मशीनवर काम घेते, नगावर पैसे. तिची रात्र झाली की दुसऱ्या दिवशी माल कमी निघतो. एप्रिल-मे हा आमच्या धंद्याचा सिझन, जूनला शाळा उघडतात, आणि तेव्हाच तिला दुपारी झापड येते. हा खर्च कुठल्या खात्यात मांडायचा, मला अजून सुचलेलं नाही.

मावशींची बाजूही मांडतो, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. ६०० पैकी त्यांच्या हातात ४५० पडतात. बारा तासांचे ४५०, तासाला साडेसदतीस रुपये. मंद्रूपच्या पुढे आतल्या एका गावाहून त्या एसटीनं येतात, भाडं त्यातूनच. सकाळी गावी जाऊन शेतात खुरपायला जातात आणि संध्याकाळी परत. एकदा पहाटे तीनला मी पाणी प्यायला उठलो तर मावशी खाली चटईवर गाढ झोपलेल्या, अम्मा दोनची कूस चुकून तशीच पडलेली. मालक म्हणून मला राग यायला हवा होता. मी बायकोला उठवलं, आम्ही दोघांनी अम्माला फिरवलं आणि मावशींच्या अंगावर पांघरूण टाकलं. ६०० रुपये दिलेली रात्र होती ती. सकाळी त्यांना काही बोललो नाही, त्याही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी जाताना त्यांनी अम्माची वेणी घालून दिली.

त्यांच्याआधी ब्युरोनं आणखी एका बाईंना पाठवलं होतं, बार्शीकडच्या. रात्री अम्मा फक्त तेलुगू बोलते, मराठी तिच्याकडून दिवे मालवल्यावर निघून जाते. ती "नीळ्ळु, नीळ्ळु" म्हणायची आणि त्या बाई सकाळी विचारायच्या, "ही नीलू कोण? मुलगी का?" पाणी मागत होती हो ती. दोन रात्री तिचा घसा कोरडा राहिला. आत्ताच्या मावशी कानडी बोलणाऱ्या, कानडीत पाण्याला नीरु. पहिल्याच रात्री त्यांना कळलं. सोलापुरात माणूस ठेवताना जेवढं शिक्षण बघावं तेवढीच भाषाही बघावी, हे कुठल्या प्रशिक्षणाच्या पुस्तकात आहे की नाही ठाऊक नाही, असायला हवं.

आता सरकारच्या खतावणीकडे येतो. मी ६०० रुपयांना एक रात्र धरतो, म्हणजे सगळं एका मापात येतं.

अम्माचं पेन्शन १,००० रुपये. पीएफच्या ईपीएस-९५ या पेन्शन योजनेचं किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून तेवढंच आहे. ते झालं पावणेदोन रात्रींपेक्षाही कमी. श्रावणबाळ योजनेचे १,५०० मिळाले असते तर अडीच रात्री, पण तिथं कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत लागतं. वर्षाला, महिन्याला नव्हे. वयोश्री योजनेचे एकरकमी ३,००० म्हणजे पाच रात्री, त्याही उपकरणांसाठी, आणि उत्पन्नाची मर्यादा दोन लाख. माझे होतात २,३४,०००. आयुष्मानमध्ये वर्षाला पाच लाखांपर्यंतचा उपचार आहे, सुट्टीनंतरच्या १५ दिवसांची औषधं-तपासण्याही आहेत. पण ते सगळं भरती झालेल्या पेशंटभोवती फिरतं. दवाखान्यातल्या खाटेवरची नववी रात्र सरकारच्या हिशेबात आहे, घरच्या खाटेवरची दहावी नाही. पेशंट तोच, कूस तीच.

राहिला २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह कायदा. प्रांत अधिकाऱ्यांपुढे अर्ज करून अम्मा माझ्याकडून जास्तीत जास्त १०,००० रुपये महिना घेऊ शकते. सोळा रात्री. सतराव्या रात्रीपासून कायदाही झोपतो. आणि तसंही ते पैसे माझ्याच खिशातून जायचे आहेत. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत या कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आलं होतं. त्यात ही १०,००० ची मर्यादा काढायची होती, आणि घरी येऊन सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी व किमान निकषही होते. मला वाटलं, झालं काम. २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक तिथंच संपलं.

ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, चांगली सोय आहे. वेळ सकाळी आठ ते रात्री आठ. आमच्या मावशी तेव्हाच चप्पल काढून आत येत असतात.

आमच्या ब्युरोच्या भिंतीवर गुमास्ता लायसन लावलेलं आहे. तसंच शेजारच्या बांगड्यांच्या दुकानातही आहे. नर्सिंग होमला १९४९ चा नोंदणी कायदा लागतो, पण घरोघर बाया पाठवणाऱ्या कार्यालयात खाट नाही, म्हणून तो इथं येत नाही. पाठवलेल्या बाईला लकव्याच्या माणसाला पाणी कसं पाजायचं येतं का, मान वर करून की बसवून, हे तपासणारं कुणी नाही. चुकीचं पाजलं की पाणी फुप्फुसात जातं आणि परत भरती. मावशींनी दांडी मारली तर बदली बाई देण्याचं कागदावर आहे. दिवाळीत तीन रात्री आल्या नाहीत, बदलीही आली नाही. फोन केला तर उत्तर मिळालं, "सणाला डबल रेट द्यावा लागतो, काका."

मला यात एक गोष्ट सहन होत नाही. अम्मा विड्या वळायची तेव्हा हजार विड्यांमागे मजुरी किती, यावर या शहरात मोर्चे निघाले, बैठका झाल्या, सरकारनं दर ठरवले. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या यादीत विडीचं काम पहिल्यापासून होतं. घरी बसून, सुपात पानं घेऊन काम करणाऱ्या बाईचंही काम मोजता येतं, हे सोलापूरनं दाखवून दिलं आहे. मग त्याच बाईला म्हातारपणी रात्रभर सांभाळणाऱ्या बाईचं काम मोजता का येऊ नये?

तेव्हा मागणं असं आहे. जो माणूस स्वतः कूस बदलू शकत नाही, त्याला वैद्यकीय अधिकाऱ्यानं घरी येऊन तसा दाखला द्यावा आणि त्यावर महिन्याला आठ रात्रींचे पैसे मिळावेत. आठच म्हणतो. तेवढ्यात आठवड्याला दोन रात्री घरची माणसं झोपतील. उत्पन्नाच्या दाखल्याऐवजी अंथरुणाचा दाखला बघा. ब्युरोंची नोंदणी आपल्या विभागाच्या जिल्हा कार्यालयात व्हावी, आणि पावती एकच असावी: घरच्यांनी किती दिले, बाईला किती मिळाले, दोन्ही आकडे एकाखाली एक. हा दुसरा आकडा छापायला लागला की निम्मं काम आपोआप होईल, हा माझा तीस वर्षांच्या हिशेबनिशीचा अनुभव आहे.

प्रशिक्षणाचं म्हणाल तर जनरल ड्युटी असिस्टंटचे, म्हणजे पेशंटची देखभाल शिकवणारे, कोर्स आहेत. शिकलेल्या पोरी पुण्याच्या मोठ्या दवाखान्यांत जातात, त्यांनी जावंच. पण कुंभारीच्या विडी घरकुलात आणि रे नगरात, या कामगार वसाहतींत, चाळिशी-पन्नाशीच्या अशा कितीतरी बायका आहेत ज्यांनी सासू-सासऱ्यांचं सगळं केलंय, तेलुगू-कानडी-मराठी तिन्ही बोलतात, आणि ज्यांचं विडीचं काम कमी होत चाललंय. त्यांना महिनाभर सिव्हिलच्या वॉर्डात उभं करा. रात्री घरी सोडायला गाडी द्या. एवढ्यावर सोलापूरची निम्मी गरज भागेल असं मला वाटतं.

आपल्या विभागातले अधिकारी दोन गोष्टी म्हणतील. एक, हा केंद्राचा विषय. पण केरळनं २००८ मध्येच स्वतःचं पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे बरं न होणाऱ्या दुखण्यात आराम देणाऱ्या सेवेचं, धोरण आणलं, ग्रामपंचायतींमार्फत नर्स घरोघर जातात. अंथरुणाला खिळलेल्याला सांभाळणाऱ्या घरच्या माणसासाठी तिथं आश्वासकिरणम नावाची योजना आहे, महिन्याला ६०० रुपये. आमच्या मापानं एक रात्र. एकच, पण कुणीतरी जागं असतं हे त्या सरकारनं कागदावर घेतलं.

दुसरं म्हणतील, मुलं कशाला असतात? बरोबर आहे. म्हणूनच योजनेचं नाव श्रावणबाळ ठेवलं. पण तो श्रावणबाळ रात्री आई-बापासाठी पाणी आणायला गेला आणि तिथंच बाण लागून मेला. आमच्या गल्लीत पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि बऱ्याचदा रात्री दीड-दोनला. त्या रात्री एकजण मोटारीपाशी, एकजण अम्मापाशी, आणि चादरीचे चार कोपरे धरायला चारच हात आहेत.

कळावे,
आपला,
एका विडी कामगार बाईचा मुलगा
अशोक चौक परिसर, सोलापूर

ता. क. हे पत्र काल रात्री मावशींना वाचून दाखवलं. बाकी ठीक आहे म्हणाल्या. फक्त एक लिहायला सांगितलं: पाळी आठला सुटते आणि त्यांच्या गावची गाडीही आठच्याच सुमाराला निघते, चुकली तर दुपारपर्यंत स्टँडवर बसावं लागतं. तरी पाळी साडेसातला सोडावी. आम्ही आजपासून सोडतो आहोत.