हात तारांवरच राहू दे

प्रिय छोटू,

अनेक आशीर्वाद.

गाता गाता डिले पेडलच्या (गिटारच्या आवाजाचे प्रतिध्वनी देणाऱ्या खोक्याच्या) बटणावर लयीत टॅप करून प्रतिध्वनींची गती ठरवायची तर उजवा हात तारांवरून उचलावा लागतो आणि नेमकी तिथेच लय तुटते, असं तू परवा फोनवर म्हणालास. त्याचं उत्तर घाईत देण्यासारखं नव्हतं, म्हणून आज निवांत लिहिते आहे. मी माझ्या पेडलला बाहेरून पायाचा स्विच लावायची सोय करून घेतली आहे. तुझं पेडलही तसंच आहे. टॅपचं बटण इवलंसं, आणि बाहेरचा स्विच जोडायला जॅकच दिलेला नाही. तेव्हा तुलाही हे जमेल.

आधी गिटारचा आवाज बिघडेल ही तुझी भीती घालवते. या नव्या जॅकमधून गिटारचा आवाज जातच नाही. आतल्या मायक्रोकंट्रोलरची (पेडल चालवणाऱ्या चिपची) एक पिन रेझिस्टरने वरच्या व्होल्टेजवर धरून ठेवलेली असते. बटण दाबलं की ती ग्राउंडला (शून्य व्होल्टच्या बाजूला) टेकते आणि त्याला कळतं, दाबलं. बटणाच्या त्याच दोन टोकांपासून दोन वायरी बाहेर काढल्या की आतलं बटण आणि बाहेरचा स्विच समांतर होतात. कुठलंही दाब, पेडलला दोन्ही सारखंच. इफेक्ट चालू-बंद करायच्या मोठ्या स्विचची गोष्ट मात्र वेगळी. नऊ पायांचा थ्रीपीडीटी (एकदम तीन जोडण्या बदलणारा स्विच) असेल तर त्यातून प्रत्यक्ष सिग्नल जातो. त्याला अशा दोन वायरी लावून भागत नाही, तो आहे तसा राहू दे.

खरं काम आहे ते मोजण्याचं. अ‍ॅडॅप्टर काढ, आत बॅटरी असेल तर तीही काढ, मग झाकण उघड. टॅपच्या बटणाला चार पाय दिसतील, पण ते आतून दोन-दोन जोडलेले असतात. कर्णरेषेतले दोन पाय धरलेस की गोंधळ होत नाही. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोडणी असेल तर बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेव. बटण न दाबता तो गप्प राहिला पाहिजे आणि दाबल्यावर वाजला पाहिजे. आता मीटरचं एक टोक इनपुट जॅकच्या स्लीव्हला (ग्राउंडच्या संपर्काला) लाव आणि दुसऱ्याने, बटण न दाबता, ते पाय तपास. जिथे बीप येईल ती ग्राउंडची बाजू. ती नव्या जॅकच्या स्लीव्हला जाईल आणि दुसरी बाजू टिपला, म्हणजे प्लगच्या टोकाला टेकणाऱ्या संपर्काला. कुठेच बीप आला नाही, तर तिथेच थांब. काही पेडलमध्ये बरीच बटणं आडव्या-उभ्या ओळींत जोडून वाचली जातात, त्यांची एकही बाजू ग्राउंडला नसते. तिथे धातूच्या डब्याला टेकणारा जॅक बसवला तर ती ओळच ग्राउंड होते. अशा वेळी प्लास्टिकच्या अंगाचा, डब्यापासून वेगळा राहणारा जॅकच हवा.

भोक पाडण्याआधी बोर्ड पूर्ण बाहेर काढ. अ‍ॅल्युमिनियमचा कीस बोर्डवर राहिला तर कुठे काय शॉर्ट होईल सांगता येत नाही. पाव इंची जॅकला साधारण ९.५ मिलिमीटरचं भोक लागतं. जागा ठरवताना जॅकमध्ये प्लग घालून बघ, कारण प्लग आत गेला की टिपची पट्टी बाहेर झुकते आणि बोर्डला टेकू शकते. डाग देताना, म्हणजे सोल्डरिंग करताना, बाबांना शेजारी बसव. त्यांचा हात स्थिर आहे आणि त्यांना आवडेलही. टोक चांगलं तापलेलं असावं आणि डाग दोन-तीन सेकंदांत उरकावा. रेंगाळलं की तांब्याचा पॅड बोर्डवरून सुटतो. वायर बारीक तारांची, लवचीक घे.

स्विच कुठला घ्यायचा हे फार महत्त्वाचं आहे. दाबल्यावर जुळणारा आणि सोडल्यावर सुटणारा मोमेंटरी स्विचच घे. एकदा दाबला की अडकून राहणारा लॅचिंग इथे चालत नाही. त्यात संपर्क दर दुसऱ्या दाबालाच जुळतो, मग पेडल दोन टॅपमधलं अंतर दुप्पट धरतं आणि डिले तुझ्या लयीच्या निम्म्या गतीने येतो. मिनिटाला १२० ठोके असतील तर ५०० मिलिसेकंदांऐवजी १०००. एका दाबात दोन टॅप मोजले जाऊ लागले तर संपर्क थरथरतो आहे असं समज. स्विचच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून बघ. कीबोर्डचं सस्टेन पेडल हाताशी असेल तर आधी त्यानेच तपासता येईल, पण काही सस्टेन पेडलांमध्ये संपर्क उलटा, म्हणजे न दाबता जुळलेला असतो, तेवढं मीटरने पाहून घे.

आणि हे सगळं फक्त नऊ व्होल्टच्या पेडलपुरतं. ट्यूब अ‍ॅम्प कधीही उघडायचा नाही. त्यातल्या कपॅसिटरांत प्लग काढल्यावरही शेकडो व्होल्ट उरलेले असू शकतात. या बाबतीत माझं ऐकच.

एवढ्या खटाटोपाने काय मिळतं, ते तुला वाजवायला लागलास की कळेल. आमचा ड्रमर पहिल्या कडव्यानंतर किंचित पुढे सरकतो. पूर्वी माझे प्रतिध्वनी त्याच्या मागे रेंगाळायचे आणि मी डिले बंदच करून टाकायचे. आता गाता गाता टाचेवर भार देऊन चवड्याने चार ठोके देते आणि डिले पुन्हा त्याच्याबरोबर येतो. डॉटेड आठव्याचं (पाऊण ठोक्याचं) सेटिंग लावलं, की त्याच ५०० चे ३७५ मिलिसेकंद पेडल स्वतः करतं. हात तारांवरच राहतो. तू गातोसही आणि वाजवतोसही, तेव्हा तुला माझ्यापेक्षा याची जास्त गरज आहे.

डाग देण्याआधी बोर्डचे दोन्ही बाजूंनी फोटो पाठव आणि कुठे बीप आला तेही लिही. मी पाहिल्याशिवाय भोक पाडू नकोस. आई-बाबांना नमस्कार सांग.

तुझी,
ताई