‘वन्य’ लुवाक कॉफीची खात्री कोण देणार?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

बालीच्या सहलीवरील लेखांतून लुवाक कॉफी ‘एकदा तरी चाखावी’ अशी शिफारस वारंवार वाचायला मिळते. ही कॉफी मी बालीतील एका मळ्यावर चाखली आहे आणि म्हणूनच या शिफारशीबद्दल दोन शब्द लिहावेसे वाटतात.

ती कॉफी वाईट नव्हती. कडवटपणा जवळपास नाही, आंबटपणा अगदी कमी आणि घोट हलका, असे तिचे वर्णन करता येईल. मात्र तिच्या किमतीचे समर्थन करील असे काही मला त्या कपात सापडले नाही. तिच्यामागची प्रक्रिया मात्र खरोखर विलक्षण आहे. लुवाक म्हणजे आपले उदमांजर. ते कॉफीची पिकलेली फळे खाते, त्यांचा गर पचतो आणि बिया विष्ठेतून बाहेर पडतात. त्या धुऊन, वाळवून भाजल्या जातात. पोटातील पाचक रस बियांपर्यंत पोहोचून त्यांतील प्रथिनांचे विघटन करतात आणि त्यामुळे कडवटपणा घटतो, असे कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाचे मासिमो मार्कोने यांनी २००४ मध्ये मांडले होते. इंडोनेशियात डच अमलात मळ्यावरील मजुरांना कॉफी तोडून नेण्यास मनाई होती, म्हणून त्यांनी या बिया वेचून वापरल्या, असे या कॉफीच्या उगमाविषयी सांगितले जाते.

या साऱ्या कथेचा आधार एकच आहे: रानात मोकळे फिरणारे उदमांजर रात्री स्वतः हुंगून उत्तम फळ निवडते. मी गेलो त्या मळ्यावर कप हाती देण्यापूर्वी आम्हाला पिंजऱ्यापाशी नेण्यात आले. एकटे राहणारा, निशाचर प्राणी भर दुपारी जाळीच्या तळावर सारख्या येरझाऱ्या घालत होता आणि समोर कॉफीच्या फळांची रास होती. रानात जो इतर फळे, किडे आणि लहान जीवही खातो, त्याच्यापुढे एकच खाद्य टाकल्यावर निवड उरतेच कुठे? मी तेव्हा काही बोललो नाही आणि कॉफी प्यायलो, याचे मला आजही वाईट वाटते.

हा एखाद्याच मळ्याचा दोष असता तर मी हे पत्र लिहिले नसते. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे वन्यजीव संशोधक आणि ‘वर्ल्ड अ‍ॅनिमल प्रोटेक्शन’ ही संस्था यांनी बालीतील १६ मळ्यांवरच्या सुमारे ५० उदमांजरांची पाहणी केली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांपैकी एकही मळा प्राणिकल्याणाच्या किमान निकषांना उतरला नाही. त्याआधी २०१३ मध्ये पिंजऱ्यातील प्राण्यांची कॉफी ‘वन्य’ म्हणून युरोपात विकली जात असल्याचे बीबीसीने उघड केले होते. १९९१ मध्ये ही कॉफी प्रथम ब्रिटनमध्ये आणणारे टोनी वाइल्ड यांनीच पुढे तिच्याविरुद्ध मोहीम उघडली, ही बाब मला सर्वांत बोलकी वाटते. जपानमधील ओसाका विद्यापीठाच्या संशोधकांनी बियांतील सायट्रिक आम्लासारख्या घटकांवरून अस्सल लुवाक ओळखण्याची पद्धत सुचवली आहे, परंतु तिचा रोख भेसळ पकडण्यावर आहे. प्राणी मोकळा होता की कोंडलेला, हे ग्राहकाला कप पाहून कळण्याचा मार्ग नाही.

म्हणून आपणास विनंती आहे की, प्रवासवर्णनांतून या कॉफीची शिफारस छापताना पिंजऱ्यांची वस्तुस्थितीही त्याच लेखात द्यावी. जेथे अभ्यागतांना दाखवण्यासाठी उदमांजरे कोंडून ठेवलेली आहेत, अशा मळ्यांची नावे ‘पाहण्यासारखी ठिकाणे’ या यादीत येऊ देऊ नयेत.

आपला नम्र,
एक नियमित वाचक