आधी विचारलंत म्हणून

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही जोडून दिलेली प्लेट काल पोचली. पैसे पाठवताना घाईत नुसतं 'थँक यू' लिहिलं होतं. ते फारच तोकडं वाटत राहिलं, म्हणून हे पत्र.

ती प्लेट बाबा आणि त्यांच्या बॉयलर रूममधल्या मित्रांनी हौसेनं करून घेतलेली. मधोमध त्यांचं विमानवाहू जहाज आयएनएस विक्रांत, कडेला सोनेरी रेघ, खाली जहाजाचं ब्रीद, 'जयेम सं युधि स्पृधः'. पडली माझ्याच हातून, धूळ पुसताना. पाच तुकडे झाले, आणि जहाजाच्या नाकाकडचा टवका तर भुगाच झाला.

तुमच्याआधी एकाकडे दिली होती. सांध्यांतून गोंद ओघळलेला, एक तुकडा नखभर वर. हेही चाललं असतं. पण गेलेल्या टवक्याच्या जागी त्यानं जहाजाचं नाक वर उचललेलं रंगवलं! 2022 साली कोचीला नौदलात आलेल्या नव्या विक्रांतचा फोटो बघून. बाबांच्या वेळी डेक पुढपर्यंत सपाट होतं, जुन्या जहाजावर ती चढण बसली 1980च्या दशकात, सी हॅरियर विमानांसाठी. सांगायला गेले तर म्हणाला, "शोभेचीच आहे ना? कोण बघतंय एवढं?"

बाबा बघत होते. त्यांनी प्लेट कपाटात पालथी घालून ठेवली, बस. 2014 साली जहाज भंगारात गेलं, मुंबईत दारूखाना भागात तोडलं गेलं, तेव्हाही ते असेच गप्प होते.

तुम्ही जुना गोंद कसा सोडवलात, तुकडे कसे बसवलेत, त्यातलं मला काही कळत नाही. मला आठवतो तो तुमचा फोन. "काकांना देता का जरा?" आणि मग, "काका, तुम्ही होतात तेव्हा पुढचं टोक कसं होतं? तुम्ही सांगाल तसंच काढते."

बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर लावला होता. ते खुर्चीतून उठून उभे राहिले, ताई. आधी टोक सांगितलं, मग गाडी 1971च्या युद्धावर. चारपैकी एका बॉयलरला तडे, तरी जहाज पूर्वेच्या समुद्रात, डेकवरून सी हॉक विमानं पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर निघालेली. मधूनमधून तुमचं "मग?" ऐकू येत होतं. कामाच्या वेळात एका अनोळखी म्हाताऱ्याला "मग?" म्हणणारी माणसं अजून आहेत म्हणायची! आम्ही घरचे तर हे ऐकायचं कधीच सोडून दिलं होतं.

सांधे दिसतात, जवळून पाहिलं तर. ते दिसणार हे तुम्ही आधीच सांगितलं होतंत. नाक मात्र सपाट आहे. बाबांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं.

आज सकाळी विचारत होते, त्या बाईंचा फोन परत कधी येणार? बॉयलरचं अर्धंच सांगून झालंय म्हणे.