आबांना फोन कर

मनू,

पोचल्याचा मेसेज बघितला. तू निघालीस तेव्हा आबा चप्पल घालून दारापर्यंत आले होते, तू वळून बघितलं नाहीस. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं गेलं.

मुद्दा तुझाच बरोबर होता आणि हे मी त्या रात्री तुमचा वाद झाला तेव्हाच बोलायला हवं होतं, गप्प बसले, चुकलं माझं. आबांचं म्हणणं काय तर माणसाचा हात, वटवाघळाचा पंख, देवमाशाचा पर, आत हाडांची रचना एकच, म्हणजे घडवणारा एकच. तुझं म्हणणं, घडवणारा नाही, पूर्वज एकच. त्यावर तू सी व्हिटॅमिन बनवणाऱ्या जीनचं काढलंस तेव्हा मला खरंच भरून आलं गं. तो जीन आपल्यात आहे पण बिघडलेला, चिंपांझीतही बिघडलेला आणि बरेचसे बिघाड अगदी त्याच जागी, गिनीपिगचाही बिघडलाय पण वेगळ्या तऱ्हेनं. इतकी वर्षं पेपर तपासलेत मी, दोन मुलांची बरोबर उत्तरं जुळली तर काही वाटत नाही, दोघांनी अभ्यास केला असेल, पण खाडाखोडसुद्धा त्याच ओळीत जुळली की मूळ वही एकच असते. आणि जिराफाच्या घशाची ती नस, मेंदूकडून खाली छातीत उतरते, हृदयाजवळच्या मोठ्या धमनीला वळसा घालून परत वर घशात, काही मीटरचा फेरा! माशांसारख्या पूर्वजांना मानच नव्हती, तिथे तोच रस्ता जवळचा होता. मुद्दाम आखणारा असा का आखेल? तुझं उत्तर पटलं मला.

पण "तुम्हाला कळायचं नाही ते" कशाला म्हणालीस? अगं रिचर्ड ओवेन केवढा मोठा शरीररचनातज्ज्ञ, १८४३ मध्ये या सारख्या अवयवांना नीट व्याख्या त्यानेच दिली, आणि त्यालाही त्यात निर्मात्याच्या मनातला आराखडाच दिसला. १८५९ मध्ये डार्विनने त्या आराखड्याच्या जागी खराखुरा पूर्वज ठेवला. हाडं तीच होती. ओवेन मूर्ख नव्हता, आबाही नाहीत. समोरचा चुकतोय म्हणजे तो कमी आहे असं नसतं, हे तुला आता या वयात मी... बघ, लागले शिकवायला. सॉरी.

तुला आठवतं का माहीत नाही, पाच वर्षांची असशील, म्युझियममध्ये देवमाशाचा सांगाडा होता. तुला दिसेना म्हणून आबांनी खांद्यावर घेतलं, आणि तू पंजा पसरून ओरडलीस, याला पण बोटं आहेत! सगळे वळून बघायला लागले. आबा किती वेळ तुला घेऊन तिथेच उभे, खांदा दुखत असतानाही, तू प्रत्येक हाड मोजेपर्यंत. सारखेपणा बघायला तू त्यांच्याच खांद्यावर शिकलीस मनू, त्याचं कारण तुम्हा दोघांना वेगळं सापडलं एवढंच.

फोन कर त्यांना. मत बदलू नकोस, माघार घे असंही म्हणत नाहीये. काकाच्या वेळी मी आज करते उद्या करते करत राहिले ते तुला माहितीये. परवा जिन्यात दोनदा थांबले आबा. मी विचारलं तर म्हणे काही नाही, आणि मग वर येऊन मलाच विचारतात, ती जिराफाची नस कुठून जाते म्हणाली होती गं ती?

मी सांगितलं नाही. तूच सांग. चार वाजता उठतात, चष्मा सापडेपर्यंत वेळ लागतो, तेव्हा रिंग पूर्ण वाजू दे.

आई