डोळे बांधले की नारळही आंधळा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बोअर घेण्याचे दिवस आले की आपल्या दैनिकात जमिनीखालचे पाणी दाखवणाऱ्या एखाद्या पाणाड्याचे कौतुक हमखास छापून येते. या वेळचे गृहस्थ पायाळू आहेत, रक्तगट ‘ओ पॉझिटिव्ह’ आहे आणि त्यांच्या तळहातावरचा नारळ उभा राहिला की खाली झरा असतोच, असे वाचले. त्यांनी दाखवलेले किती बोअर कोरडे गेले, हे बातमीदाराने विचारलेले दिसले नाही.

नारळ उभा राहतो, हे मी नाकारत नाही. स्वतः पाहिले आहे. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते, त्या २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्या भावकीच्या शेतात एक पाणाडी आले होते. त्यांनी पाच ठिकाणी खुणेची पांढरी फक्की टाकली. मास्तरकीची खोड जात नाही; मी म्हटले, ‘मामा, आता डोळ्याला गमछा बांधून याच तुकड्यात एक चक्कर मारता का?’ माणूस सरळ, लगेच तयार झाला. पुतण्याने हाताला धरून आडवेतिडवे फिरवले. नारळ सात वेळा उभा राहिला, पण एकदाही फक्कीजवळ नाही. दोन खुणांवरून तर ते चालत गेले आणि नारळ आपला निवांत पडून. गमछा सोडल्यावर स्वतःच हसले : ‘गुरुजी, डोळे बांधल्यावर नारळ बी आंधळा झाला की!’

तरीही बोअर पहिल्या फक्कीवरच पाडला. सहाशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा. कारण काय, तर मशीन दीड हात बाजूला लागली.

मामा लबाड नव्हते, हे मुद्दाम सांगतो. आडवा ठेवलेला नारळ तळहातावर जेमतेम तोललेला असतो. पंजा किंचित आखडला तरी तो उठतो. काही जण नारळाऐवजी लिंबाची दुबेळकी, म्हणजे दोन फाटे असलेली फांदी वापरतात; ती ताणून धरलेली असते, म्हणून मनगट जरासे वळले की ती झटका देते. ‘इथे पाणी असावे’ असे मनात आले की स्नायू नकळत हलतात आणि धरणाऱ्याला वाटते, बाहेरून कुणी ओढले. विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १८५२ सालीच या नकळत होणाऱ्या हालचालीला शास्त्रीय नाव दिले होते. पुढे १९८७-८८ मध्ये जर्मनीत म्युनिकजवळ एका कोठारात खाली पाण्याचा पाइप सरकवत ठेवून वरच्या मजल्यावरून तो ओळखायला लावले. निवडक ४३ पाणाडी, ८४३ प्रयत्न. चाचणी घेणाऱ्यांना त्यातले काही जण पटले. पण पुढे तेच आकडे दुसऱ्या शास्त्रज्ञाने तपासले, तेव्हा अंदाजपंचे सांगण्याहून वेगळे काही निघाले नाही.

मग काही पाणाड्यांचे खरे कसे ठरते? आपल्याकडचा काळा पाषाण पाणी धरत नाही. ते असते मुरमात, मांजऱ्या खडकात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. जुन्या पाणाड्याच्या नजरेत ओढ्याचे वळण, उंबर, वारूळ, शेजारच्या विहिरीची पातळी हे सगळे बसलेले असते. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त झाडे आणि वारुळे पाहूनच पाण्याचा अंदाज बांधला आहे. या निरीक्षणाला मी हात जोडतो. श्रेय मात्र नारळ घेऊन जातो, आणि गमछाने नजर झाकली की काय होते ते वर सांगितलेच. शिवाय पाणी लागलेल्या बोअरची हकिकत पाहुण्यारावळ्यांत फिरते, कोरड्याची बायकोलाही धड सांगत नाहीत.

भूजल सर्वेक्षणवाल्यांचे यंत्रही छातीठोक सांगत नाही, हे खरे. पण ते खडकाचा विद्युतरोध मोजतात आणि चुकले तर मशीनला बोल लावत नाहीत. गाडीवाल्याला काय, त्याचा हिशेब फुटावर. धूळ निघो की पाणी.

आपल्याला एकच विनंती. पुढच्या वेळी पाणाड्याचा फोटो छापाल, तेव्हा त्यांनी गेल्या तीन वर्षांत दाखवलेल्या सगळ्या जागांची यादी मागा आणि तीही छापा. आमच्या गावापुरती मी वहीत करायला घेतली आहे. आतापर्यंत एकोणीस बोअर उतरवले. त्यातल्या अकरांच्या मालकांनी ‘गुरुजी, नाव लिहू नका’ म्हणून बजावले आहे.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
ता. औसा, जि. लातूर