वैमानिक चुकला, पण त्याआधी?

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा विमान अपघाताची बातमी निघाली आणि बाबा लगेच म्हणाले, "वैमानिकच चुकला असणार." आई, तू मात्र त्याच्या घरच्यांची चौकशी केलीस. फोनवर मला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

बाबा, १० मार्च १९८९ ला कॅनडात ड्रायडनहून उडालेलं एक फॉकर एफ-२८ विमान धावपट्टीपलीकडच्या झाडांत कोसळलं. ६९ जणांपैकी २४ गेले, दोन्ही वैमानिकसुद्धा. पंखांवर बर्फ असताना कॅप्टनने उड्डाण केलं होतं. एवढंच पाहिलं तर तुमचं बरोबर आहे. पण चौकशी करणारे न्यायमूर्ती व्हर्जिल मोशान्स्की तिथे थांबले नाहीत. इंजिन सुरू करायला लागणारं विमानातलं सहायक यंत्र, म्हणजे एपीयू, आधीपासूनच नादुरुस्त होतं, आणि ड्रायडनला बाहेरून इंजिन सुरू करून द्यायची सोय नव्हती. दोन्ही इंजिनं बंद केली असती तर विमान तिथेच अडकलं असतं, म्हणून एक चालूच ठेवलं. आणि इंजिन चालू असताना पंखांवर बर्फ काढायचा द्रव फवारायचा नाही, असा नियम! त्यात आधीच्या विमानतळावर जादा प्रवासी चढल्यामुळे वजन वाढलेलं. कॅप्टनला प्रवासी उतरवायचे होते, कंपनीने इंधन उतरवायला लावलं. ते ड्रायडनला पुन्हा भरेपर्यंत वेळ गेला, आणि बर्फ पडतच राहिला.

मला सर्वांत जास्त टोचतं ते पुढचं. पंखांवरचा बर्फ हवाई सेविकेला दिसला होता, प्रवाशांत बसलेल्या दोन वैमानिकांनाही दिसला होता. कॉकपिटपर्यंत कुणी गेलं नाही. तिथे जाऊन बोलायची रीतच पडलेली नव्हती.

न्यायमूर्तींनी कॅप्टनला निर्दोष ठरवलं नाही. पण विमान कंपनी आणि तिच्यावर देखरेख ठेवणारं सरकारी खातं या दोघांनाही जाब विचारला आणि १९१ शिफारशी केल्या. मला ही चौकशी फार मोलाची वाटते.

२००२ मध्ये जर्मनीतल्या युबरलिंगेन गावावर दोन विमानं आकाशात धडकून ७१ जण गेले, तेव्हाही रात्रपाळीला एकच हवाई वाहतूक नियंत्रक रडारचे दोन पडदे सांभाळत होता, आणि देखभालीसाठी मुख्य फोनलाइन बंद होती. सहकाऱ्याने रात्री विश्रांतीला जाणं वरिष्ठांना चालत आलं होतं. पुढे चार अधिकाऱ्यांना न्यायालयाने दोषी धरलं.

आई, माझ्या कामात दुरुस्ती पुढे ढकलायचे कागद रोज येतात. ते नियमातच बसतात, एपीयूचेही. म्हणून सही करण्याआधी मी विचारते, हे विमान आज कुठे उतरणार, तिथे काय सोय आहे? कधी कधी उशीर होतो आणि लोक चिडतात. चिडू देत.

परवाच्या अपघाताचा अंतिम अहवाल यायला बराच वेळ लागेल. आला की पाठवते. बाबा, तोवर कुणाचं नाव घेऊ नका.

तुमची,
लेक